फोटोग्राफीची पुस्तकं: गाळ्यातली, उशाशी आणि हिशेबाच्या फायलींशेजारची

माझ्याकडची फोटोग्राफीची पुस्तकं एका कपाटात कधीच राहिली नाहीत. प्रकाशावरची पुस्तकं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात, लाइट स्टँडच्या मागच्या लोखंडी रॅकवर असतात. काम चालू असताना ती उघडी टाकावी लागतात, त्यामुळे पानांना हळद, पितांबरी आणि गॅफर टेपचा गोंद लागलेला आहे. फोटोबुकं घरी, नौपाड्यात, उशाशी. आणि धंद्यावरची पुस्तकं जीएसटीच्या फायलींशेजारी. ही वाटणी ठरवून केलेली नाही, पण आता मला तीच बरोबर वाटते, कारण या पुस्तकांशी वागायची रीत वेगवेगळी आहे. प्रकाशाचं पुस्तक जसं लिहिलंय तसं वापरता येतं. धंद्याच्या पुस्तकातला बराचसा मजकूर आपल्याकडे तसाच्या तसा लागू होत नाही, आणि एका ठिकाणी तर तो पार उलटा लागू होतो. नव्याने या धंद्यात उतरणाऱ्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही. त्यांचं नुकसान तिथेच होतं, म्हणून हे लिहितेय.

मी वस्तूंचे फोटो काढते. तांब्यापितळेची भांडी, मसाल्याची पाकिटं, लोणच्याच्या बरण्या, इमिटेशनचे दागिने, अधूनमधून पैठण्या. ठाणे-डोंबिवली-वाशी या पट्ट्यातले छोटे उद्योजक, त्यातही घरातून धंदा चालवणाऱ्या बायका, हे माझं मुख्य गिऱ्हाईक. पूर्वी लग्नाच्या ऑर्डरी भरपूर केल्या, आता ओळखीतल्या तेवढ्या घेते.

माझ्या कामाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं पुस्तक म्हणजे फिल हंटर, स्टीव्हन बायव्हर आणि पॉल फुक्वा या तिघांचं 'लाइट: सायन्स अँड मॅजिक'. पहिली आवृत्ती १९९०ची. सॉफ्टबॉक्स इतक्या अंशात ठेवा, रिफ्लेक्टर तिकडे धरा, असल्या पाककृती त्यात फारशा नाहीत. पृष्ठभागावर प्रकाश पडला की तो परत कसा फिरतो, एवढा एकच विषय ते धरून बसतं. परावर्तन तीन तऱ्हांचं. कागदावर, पिठावर पडतं ते चहूकडे विखुरलेलं. आरशावर, धातूवर पडतं ते सरळ, ज्या कोनात आलं त्याच कोनात बाहेर जाणारं. आणि तेल, पाणी, प्लास्टिक, वॉर्निश यांच्यावर चमकतं ते ध्रुवीकृत, जे पोलरायझर फिल्टर फिरवून कमी करता येतं. समोरच्या वस्तूवर यातलं काय चाललंय हे एकदा ओळखता आलं की लाइट कुठे लावायचा हा प्रश्न अर्धा सुटतो.

स्टीलचा मिसळणाचा डबा घ्या. गोल, सपाट झाकणाचा, आत सात वाट्या. पहिल्यांदा असा डबा टेबलावर ठेवून कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला डबा दिसतच नाही. छताचा पंखा दिसतो, ट्यूबलाइट दिसते, ट्रायपॉडचे पाय आणि आपला कुर्ता दिसतो. स्टीलला स्वतःचा उजेड-अंधार जवळजवळ नसतोच, आसपास जे आहे ते तो दाखवतो. म्हणून अशा वेळी डब्यावर प्रकाश टाकायचा विचार सोडून, डब्याला काय 'दिसावं' हे ठरवावं लागतं.

झाकणावर ज्या ज्या दिशांनी आलेला उजेड थेट लेन्समध्ये शिरू शकतो, तेवढ्या कोनांच्या पट्ट्याला हे पुस्तक 'फॅमिली ऑफ अँगल्स' म्हणतं. तो पट्टा शोधायची माझी पद्धत अशी: कॅमेरा आधी पक्का करायचा, मग तो हलवायचा नाही. लेन्सच्या अगदी शेजारी मोबाइलचा टॉर्च धरून झाकणाच्या अलीकडच्या कडेवर मारायचा. उजेडाचा डाग पलीकडे सनबोर्डवर, म्हणजे हलक्या पांढऱ्या फोमच्या फळीवर, जिथे पडेल तिथे पेन्सिलीने खूण. मग पलीकडची कड, डावी, उजवी. या खुणांच्या आतली जागा म्हणजे झाकणाला दिसणारं जग. ती सगळी जागा ट्रेसिंग पेपरने भरून मागून लाइट दिला की झाकण पांढरंफेक होतं. लाइट त्या जागेबाहेर ठेवला, मग तो कितीही मोठा का असेना, झाकण काळं पडतं. दोन्हीतून धातू दिसत नाही. धातू दिसायला उजेड एका कडेला भरभरून आणि दुसऱ्या कडेकडे उतरत जाणारा हवा. त्यासाठी लाइट ट्रेसिंग पेपरच्या अगदी जवळ आणायचा, म्हणजे कागदाच्या एका बाजूला तेजाचा गोळा होतो आणि बाकी कागद हळूहळू मंद होत जातो. झाकण नेमकं तेच उचलतं.

डब्याच्या गोल बाजू जास्त छळतात, कारण गोल पृष्ठभागाला जवळजवळ सगळी खोली दिसते. तिथे ट्रेसिंग पेपर अर्धवर्तुळात गुंडाळून उभा करावा लागतो. तरी डब्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळतात. मग फ्रेमच्या बाहेर, दोन्ही बाजूंना काळ्या कार्डपेपरच्या अरुंद पट्ट्या उभ्या करायच्या. डब्याच्या कडेला एक बारीक काळी रेघ उमटते आणि डबा एकदम गोल, जड, हातात घ्यावासा दिसायला लागतो. पट्टी बोटभर पुढे-मागे केली तरी रेघ जाड-बारीक होते. ज्या बाईंचा डबा होता त्यांनी फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, "ताई, हा आमचाच ना?" त्यांना वाटलं मी दुसरा आणला.

हे सगळं भौतिकशास्त्र आहे. ते वागळे इस्टेटमध्ये वेगळं वागत नाही. म्हणून अशा पुस्तकात भाषांतर, फेरफार, 'आपल्याकडे कसं' असलं काही लागत नाही. फक्त परदेशी पुस्तकातल्या महागड्या सामानाच्या जागी सनबोर्ड, ट्रेसिंगचा रोल आणि स्टेशनरीच्या दुकानातला कार्डपेपर येतो.

अगदी नव्या माणसाने मात्र याच्याही आधी ब्रायन पीटरसनचं 'अंडरस्टँडिंग एक्सपोजर' वाचावं. ॲपर्चर, शटर, आयएसओ यांचा संबंध त्याच्याइतका सोपा करून सांगणारं पुस्तक मी पाहिलेलं नाही. आठवड्याभरात वाचून होतं.

ॲन्सेल ॲडम्सची गोष्ट वेगळी. 'द कॅमेरा', 'द निगेटिव्ह' आणि 'द प्रिंट' ही त्याची तीन पुस्तकं आज ज्या रूपात मिळतात ती १९८० ते १९८३ या काळात आली. फिल्मच्या जमान्यातली, रसायनांच्या तक्त्यांनी भरलेली. पुष्कळ जण मला म्हणतात, आता याचा काय उपयोग? मी 'द निगेटिव्ह' दर पावसाळ्यात पुन्हा काढते. ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमाराला बसवलेली झोन सिस्टीम म्हणजे पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या. मधली पाचवी पायरी म्हणजे १८ टक्के प्रकाश परत देणारा करडा रंग, आणि कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोर काहीही आलं तरी त्याला त्याच पाचव्या पायरीवर आणून बसवतो. काळी छत्री करडी, पांढरं उपरणंही करडं. मीटर सांगतो ते फोटो काढणाऱ्याने ऐकायचं आणि मग स्वतः ठरवायचं की ही वस्तू मला कुठल्या पायरीवर हवी आहे. ही सवय डिजिटलमध्ये तितकीच लागते. उलट फिल्मच्या निगेटिव्हमध्ये सावल्या सांभाळाव्या लागत, इथे पांढरा भाग सांभाळावा लागतो, कारण एकदा जळालेला पांढरा रंग कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

एक गोष्ट मात्र या पुस्तकात आपल्याला स्वतः दुरुस्त करून घ्यावी लागते. ॲडम्स गोऱ्या माणसाची कातडी सहाव्या पायरीवर ठेवतो. त्याच्यासमोर जे चेहरे होते त्यांना ते बरोबर. आपल्याकडच्या हॉलमध्ये अंतरपाटाच्या दोन बाजूंना जी माणसं उभी असतात त्यांचे चेहरे पाचवर, कधी त्याच्या खाली. नवरीला 'उजळ' करायच्या नादात तिचा चेहरा सहा-साडेसहावर नेला की शालूची जर जळते आणि मुलगी स्वतःसारखी दिसत नाही. मी सहायक मुलींना सांगते, स्वतःचा तळहात मीटर करा. सावळ्या-गोऱ्या माणसांच्या चेहऱ्यांत जेवढा फरक असतो तेवढा तळहातांत नसतो, आणि तळहात साधारण सहाव्या पायरीच्या आसपास असतो. तळहातावर मीटर घेऊन एक स्टॉप उघडलं, म्हणजे प्रकाश दुप्पट केला, की तो सहावर बसतो आणि चेहरा आपोआप त्याच्या जागी राहतो. सावळ्या मुलीला सावळीच, पण तेजस्वी दाखवणं हे कौशल्याचं काम आहे. ॲडम्सच्या पायऱ्यांनी ते मोजूनमापून करता येतं, एवढं मोल माझ्यासाठी त्या पुस्तकाला पुरेसं आहे.

आता हिशेबाच्या फायलींशेजारची पुस्तकं.

जॉन हॅरिंग्टनचं 'बेस्ट बिझनेस प्रॅक्टिसेस फॉर फोटोग्राफर्स' या विषयावरचं गाजलेलं पुस्तक. जाडजूड, अमेरिकन, आणि फार प्रामाणिक. त्यातल्या दोन गोष्टी मी डोळे झाकून घेतल्या. एक, सगळं लेखी. दुसरी, दर ठरवायची पद्धत. शेजारचा काय घेतो ते बघून त्याच्यापेक्षा पाचशे रुपये कमी सांगायचे, ही आपल्याकडची रीत. त्याऐवजी उलटीकडून सुरुवात करायची. समजा गाळ्याचं भाडं, वीज, सहायकाचा पगार, कॅमेरा-लेन्सची झीज, विमा, सॉफ्टवेअरची वर्गणी, अकाउंटंट हे सगळं मिळून वर्षाला ६ लाख खर्च येतो. घरी ६ लाख न्यायचे आहेत. आणि प्रत्यक्ष शूटचे, म्हणजे ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस वर्षात १०० आहेत. तर एका दिवसाचा दर १२,००० निघतो, आणि यात नवीन लेन्ससाठी एक पैसाही बाजूला पडलेला नाही. जी मुलगी दिवसाला ४,००० सांगते तिने हे गणित केलेलं नसतं. ती मेहनतीने घरचे पैसे धंद्यात घालत असते. दर महाग की स्वस्त हा वाद नंतरचा. आधी आपला दिवस आपल्याला कितीला पडतो ते कळायला हवं.

पण त्या १०० दिवसांपाशी आलं की अमेरिकन पुस्तक थांबतं आणि आपलं पंचांग सुरू होतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो तो कार्तिकी एकादशीपर्यंत. लग्नाची कामं त्या काळात जवळपास बंद, तुळशीची लग्नं लागली की पुन्हा तारखा भरायला लागतात. पितृपक्षात कुणी नवीन माल बाजारात आणत नाही. सोनाराला दसरा-दिवाळी आणि अक्षय्य तृतीयेचे फोटो हवे असतात, तेही दीड-दोन महिने आधी. फराळ विकणाऱ्या बायका भर श्रावणात चकल्या, करंज्या, अनारसे घेऊन माझ्या गाळ्यात येतात, कारण जाहिरात गणपती उठल्याबरोबर सुरू करायची असते. बाहेर पाऊस कोसळतोय, आत आकाशकंदील आणि पणत्या. म्हणजे लग्नवाल्याचं वर्ष आणि वस्तूवाल्याचं वर्ष एकमेकांच्या उलट चालतं. ज्याला दोन्ही कामं येतात त्याचा गाळा बारा महिने चालतो. हे कुठल्याच पुस्तकात मला छापलेलं सापडलेलं नाही, आणि ठाण्यात गाळा घेणाऱ्याने भाड्याच्या करारावर सही करण्याआधी हेच वाचायला हवं.

पाश्चात्त्य पुस्तकांत आणखी एक सल्ला वारंवार येतो: काम पूर्ण समजून घेतल्याशिवाय फोनवर आकडा सांगू नका. तर्क बरोबर आहे. पण आमच्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्यच "तुम्ही एका फोटोचे किती घेता?" हे असतं, आणि त्याला बगल दिली की समोरची बाई "बघते हं" म्हणून फोन ठेवते. तिला वाटतं, ही लपवतेय म्हणजे फार महाग असणार. मी 'इतक्यापासून पुढे' असा आकडा लगेच सांगते, आणि त्यात काय येतं, काय येत नाही, ते त्याच दिवशी मराठीत लिहून पाठवते. मराठीत हे महत्त्वाचं. इंग्रजी कोटेशनवर माणसं न वाचता सही करतात आणि नंतर भांडण होतं. मराठीत लिहिलं की फोन करून विचारतात, "हे 'दोन वेळा दुरुस्ती' म्हणजे काय?" तो प्रश्न आधी आलेला बरा.

आणि जिथे पुस्तक पार उलटं पडतं ती जागा म्हणजे कॉपीराइट. अमेरिकेत १९७८पासून लागू झालेल्या कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फोटोग्राफरने काढलेला फोटो सहसा त्याचाच असतो. गिऱ्हाइकाला मालकी हवी असेल तर तसं लेखी घ्यावं लागतं. तिथली धंद्याची पुस्तकं, त्यातले नमुना करार, दर आकारायची पद्धत, सगळं या पायावर उभं आहे. आपल्या १९५७च्या कायद्याचं १७वं कलम वाचा. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ज्याने काम सांगितलं तो. काही न लिहिता पैसे घेतले की फोटो त्याचा. म्हणजे अमेरिकन पुस्तक वाचून 'हक्क तर माझाच आहे' असं समजून गप्प बसलेला ठाण्याचा फोटोग्राफर काहीच हातात नसताना बसलेला असतो. तिथे गिऱ्हाइकाला लिहून घ्यावं लागतं, इथे आपल्याला.

लिहायचं फार नसतं. माझ्या कोटेशनच्या खाली तीन ओळी असतात: फोटोंचा कॉपीराइट माझ्याकडे राहील, तुम्हाला अमुक ठिकाणी वापरायचा परवाना, अमुक मुदतीसाठी. गिऱ्हाइकाला सगळे हक्क विकत हवे असतील तर तेही जरूर देते, पण तेव्हा मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिते. हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. हे १९व्या कलमात आहे, आणि गिऱ्हाइकांनाही ते माहीत नसतं. मी हे समजावून सांगते तेव्हा बरेच जण चक्क आभार मानतात, कारण त्यांच्या आधीच्या कुणी त्यांना काहीच लिहून दिलेलं नसतं.

या ओळींचा उपयोग काय, तर माझ्या एका मैत्रिणीने एका बांधकाम व्यावसायिकासाठी येऊरच्या डोंगराची बाजू धरून इमारतीचे फोटो काढले होते. कोटेशनवर लिहिलं होतं, माहितीपत्रक आणि वेबसाइट, एक वर्ष. काही महिन्यांनी घोडबंदर रोडवर तोच फोटो होर्डिंगवर. तिने भांडण केलं नाही. सही केलेल्या कोटेशनची प्रत आणि होर्डिंगचं वेगळं बिल एकत्र पाठवून दिलं. घासाघीस झाली, पण पैसे आले. त्या एका ओळीशिवाय ती फोनवर नुसती रडगाणं गाणारी फोटोवाली ठरली असती.

लग्नाच्या फोटोंबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तिथे मी हक्काचा आग्रह धरत नाही. कुणाच्या आईवडिलांच्या डोळ्यांतलं पाणी मी विकायला ठेवणार नाही. माझ्या कामाचे नमुने म्हणून काही फोटो दाखवायची परवानगी तेवढी घेते, आणि मुलीकडचे नको म्हणाले तर तीही सोडते. धंद्यासाठी वापरायचा फोटो आणि घरात भिंतीवर लावायचा फोटो यांना एकच कागद लावू नये.

हक्काची ही लढाई मोठ्या लोकांनीही लढलेली आहे. १९४७ साली रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सीमूर, जॉर्ज रॉजर यांनी मॅग्नम ही फोटोग्राफरांच्याच मालकीची संस्था काढली, ती मुळात यासाठीच की फोटोची मालकी मासिकाकडे न जाता काढणाऱ्याकडे राहावी. आपण कार्तिए-ब्रेसाँला 'निर्णायक क्षण'वाला म्हणून ओळखतो आणि त्याने ३० जानेवारी १९४८ला, हत्येच्या थोडंच आधी, गांधीजींची भेट घेतली होती हेही आपल्याला माहीत असतं. पण तो मालकी हक्काच्या बाबतीत किती पक्का होता हे कुणी शिकवत नाही. त्याचं १९५२चं 'द डिसायसिव्ह मोमेंट' हे पुस्तक, चित्रकार मातीसने मुखपृष्ठ केलेलं, घेण्यासारखं आहे. त्यातला निबंध वाचताना लक्षात येतं की तो क्षणाबद्दल जितकं बोलतो तितकंच भूमितीबद्दल. आपली मुलं क्षणाची वाट बघत बसतात आणि फ्रेम रिकामी ठेवतात.

उशाशी मात्र मी रॉबर्ट फ्रँक ठेवते. 'द अमेरिकन्स' हे पुस्तक १९५८ला पॅरिसमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत निघालं. गुगेनहाइम फेलोशिप घेऊन हा माणूस १९५५पासून अमेरिकाभर गाडीने फिरला, सुमारे २७,००० फ्रेम घेतल्या, त्यातल्या हजारेक छापून भिंतीवर-जमिनीवर मांडल्या आणि पुस्तकात ठेवल्या ८३. पहिला फोटो होबोकनच्या परेडचा: विटांची भिंत, दोन खिडक्या, आणि मध्येच आलेल्या झेंड्याने एका बाईचा चेहरा झाकलेला. पुढे झेंडा मधूनमधून परत येत राहतो आणि पुस्तकाला ताल देतो. फोटो काढणं हे काम निम्मंच, उरलेलं काम निवडण्यात आहे, हे मला या पुस्तकाने शिकवलं.

त्याचा थेट परिणाम म्हणजे माझे गुढीपाडव्याचे फोटो. कौपिनेश्वराहून निघणारी शोभायात्रा मी दरवर्षी टिपते. त्या दिवशी तलावपाळीपासून राम मारुती रोडपर्यंत कॅमेरे इतके असतात की नौवारी, गॉगल आणि बुलेट ही फ्रेम शेकडो जणांकडे एकाच वेळी तयार होते. मीही ती काढते, सुंदर दिसते ती. पण मागच्या सगळ्या वर्षांचे फोटो चार बाय सहामध्ये छापून घरच्या फरशीवर मांडले, फ्रँकने केलं तसं, तेव्हा बुलेटवाल्या एकमेकींच्या शेजारी येऊन एकमेकींना पुसून टाकायला लागल्या. टिकले ते कडेचे फोटो. ढोलपथकातल्या मुलीचा हात: चारही बोटांना पांढरी चिकटपट्टी, तर्जनीवरची सुटून लोंबतेय, पट्टीच्या कडेला घामाने मळलेली रेघ, आणि मनगटावर आईने बांधलेला काळा दोरा. दुसऱ्या एकात हाताचा अंगठाच फक्त, टिपरूवर टेकलेला. तिसऱ्यात मिरवणूक संपल्यावर पट्टी सोलून काढणारी दोन पोरं. हात हा माझा झेंडा आहे, हे मांडल्याशिवाय कळलंच नसतं. पुढच्या पाडव्याला मी कुठे उभी राहायचं तेही त्या फरशीवरच ठरलं: मिरवणुकीच्या पुढे नाही, पथकं वाट बघत थांबतात त्या गल्लीत.

त्या फोटोंचं काय करायचं हे मात्र फोटोग्राफर दयानिता सिंगकडून शिकले. अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत शिकताना तिने तबलावादक झाकिर हुसेन यांच्यासोबत फिरून जे काम सुरू केलं त्याचं पुस्तक १९८६ला निघालं, आणि तेव्हापासून ती पुस्तक हेच आपलं माध्यम मानत आली. 'सेंट अ लेटर' हे २००८चं: कापडी पेटीत सात छोटी घडीची पुस्तकं, उलगडून कपाटावर उभी केली की तुमच्या घरात छोटंसं प्रदर्शन लागतं. त्यातलं एक तर तिच्या आईने, नोनी सिंग यांनी काढलेल्या फोटोंचं. 'म्युझियम भवन' २०१७चं, त्याच कल्पनेचं मोठं रूप. २०२२ला तिला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, भारतातून पहिल्यांदाच. मला तिचं धाडस आवडतं ते यासाठी की गॅलरीने बोलावण्याची वाट न बघता तिने फोटो लोकांच्या हातात दिले. माझ्या पाडव्याच्या हातांचंही घडीचं पुस्तक होतंय. स्टेशनजवळच्या बाइंडरकाकांनी पहिला नमुना करून दिला, घड्या उलट्या दिशेने जात होत्या, दुसरा बरोबर आला.

रघुबीर सिंगचं 'बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया', १९९४चं, कुठे हाती लागलं तर सोडू नका. गंभीर फोटोग्राफी म्हणजे कृष्णधवल असं मानलं जात होतं तेव्हा हा माणूस रंगात काम करत होता, आणि मुंबईच्या काचा, आरसे, दुकानांच्या खिडक्या यांतून एका फ्रेममध्ये चार-चार जागा बसवत होता. मिसळणाच्या डब्यात प्रतिबिंबांशी झगडून घरी गेल्यावर ते पुस्तक उघडलं की फार बरं वाटतं.

विचारांच्या पुस्तकांत सुझन सोन्टॅगचं 'ऑन फोटोग्राफी' सगळे सांगतात. ते १९७७चं. धारदार आहे, पण कॅमेरा हातात असलेल्या माणसावर ते फार लवकर संशय घेतं, आणि माझं त्याच्याशी पटत नाही. तिने स्वतः २००३च्या पुस्तकात आपली काही मतं पुन्हा तपासली, हे मला त्या पहिल्या पुस्तकापेक्षा मोठं वाटतं. रोलां बार्थचं 'कॅमेरा ल्युसिडा' मात्र वाचाच. तो आईच्या लहानपणीच्या एका फोटोबद्दल पानंच्या पानं लिहितो आणि तो फोटो छापत नाही, कारण तुम्हाला त्यात काहीच दिसणार नाही असं तो म्हणतो. लग्नाचे अल्बम करणाऱ्या प्रत्येकाने ही पानं वाचावीत. आपण ज्याला साधा फोटो म्हणून बाजूला काढतो तो एखाद्या घरात एकमेव असू शकतो.

विकत घेण्याबद्दल एवढंच सांगते. प्रकाशाची आणि एक्सपोजरची पुस्तकं जुनी, रस्त्यावरची, कव्हर फाटलेली चालतात, त्यातलं काही शिळं होत नाही. फोटोबुकांची छपाई बघून घ्या, स्वस्त पुनर्मुद्रणात काळ्या रंगाचं डबकं होतं. कायद्याची माहिती मात्र ताजीच हवी. २०१२च्या दुरुस्तीआधीच्या पुस्तकात फोटोच्या कॉपीराइटची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं दिलेली असेल. आता ती फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं आहे. ज्यांची मुलं पुढे हा धंदा बघणार आहेत त्यांनी आपल्या हार्ड डिस्कवर तारखा आणि करार नीट लावून ठेवावेत.